मी टाकून दिलेले साचे

प्रति,
मा. व्यवस्थापक,
नगर कलादालन.

विषय: ‘स्थित्यंतर’ ही मांडणी बंद करण्याबाबत, ते न जमल्यास किमान श्रेय मिळण्याबाबत.

संदर्भ: आपल्या प्रवेशद्वारावरील फलक, ज्यावर माझ्या पत्नीचे नाव आहे व माझे नाही.

महोदय,

१. अर्जदार व्यवसायाने मूर्तिकार असून, आपल्या दालनाच्या दर्शनी भागात परवापरवापर्यंत उभा असलेला संस्थापकांचा पूर्णाकृती पुतळा अर्जदारानेच घडवला आहे. पत्नीच्या मांडणीला जागा हवी म्हणून तो जिन्याखाली हलवण्यात आला. तेथे त्याच्या पुढे केलेल्या हातावर सफाईवाल्या बाईंचे ओले फडके वाळत असते. याबाबत अर्जदाराची तक्रार नाही, असे लिहिणार होतो, पण आहे.

२. मातीत चेहरा घडवायचा, त्यावरून प्लास्टरचा साचा घ्यायचा आणि साच्यातून पुतळा काढायचा, ही आमच्या कामाची रीत. पुतळा निघाला की साचा निकामी. असे साचे अर्जदार कारखान्यामागे फेकत आला आणि पत्नी ते उचलून, पुसून ठेवत आली. अर्जदार तिला ‘भंगारवाली’ म्हणून चिडवी, तीही हसे. आता तेच साचे तिने आपल्या दालनात टांगले, खालून दिवे सोडले आणि पाटी लावली: ‘माती गेली, पुतळा अजून यायचाय, अशी ही मधली वेळ.’ आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. नाक-डोळे माझे, बोटांचे ठसे माझे. तिने फक्त खिळे ठोकले. हे घरी सुनावले असता ती म्हणाली, “अहो, तुम्हीच म्हणत होतात ना, उचल हा पसारा? उचलला.”

३. साचा आतून पोकळ असतो. तरीही चार पावलांवरून पाहिल्यास तो चेहरा उठून पुढे आलेला दिसतो, आणि आपण सरकू तशी त्याची नजर आपल्यामागे फिरते. माझ्या एकाही पुतळ्याने आजवर कोणाकडे ढुंकून पाहिलेले नाही. लोक माझ्या पुतळ्यापाशी थांबतात ते छत्री मिटायला. इथे मात्र रांगा. काल एक शाळामास्तर साच्यांपुढे इकडून तिकडे सरकत चक्क रडत होते. माझ्या पुतळ्यापुढे कोणी कधी शिंकलेही नाही. अर्जदाराचा जळफळाट झाला, हे नमूद करतो.

४. डावीकडून शेवटचा साचा पत्नीचा आहे. लग्नाच्या वर्षी मी तिचा चेहरा घडवला होता. पुतळा ‘हसरी तरुणी’ म्हणून एका गिऱ्हाइकाने नेला, साचा मी मागे फेकला. तिने तो जपला, हे मला ठाऊक नव्हते. परवा त्याच्यापुढे उभा राहिलो. उजवीकडे सरकलो, तिने पाहिले. डावीकडे सरकलो, तरी पाहिले. घरी हल्ली ती जेवायला वाढतानाही फोनवर असते. मी बराच वेळ सरकत राहिलो. तेवढ्यात मागून तो वेल्डर आला, ज्याने पत्नीला साचे टांगायची लोखंडी चौकट जोडून दिली, आणि साच्यातली ती त्याच्याकडेही तशीच पाहू लागली. मग एका वार्ताहराकडे. मग तिकीट काढून येणाऱ्या प्रत्येकाकडे. हे मला सहन होत नाही, महोदय.

५. मांडणी बंद करा, अशी मागणी करायला बसलो होतो. परंतु तसे झाल्यास ती खचेल आणि ते मला बघवणार नाही. श्रेयाची मागणीही मागे घेत आहे. सबब नम्र विनंती की, रोज सकाळी दालन लोकांसाठी उघडण्यापूर्वी थोडा वेळ अर्जदारास एकट्यास आत सोडावे. शेवटच्या साच्याखालचा दिवा तेवढा लावून ठेवावा. पत्नीने चौकशी केल्यास, विजेच्या तारा तपासायला माणूस येतो, असे सांगावे.

आपला, तूर्त तरी नम्र,
(सही)
मूर्तिकार

दिनांक: मंगळवार, प्रदर्शनाचा दुसरा आठवडा