उशिरा कळलेली बातमी

बाबा, आईला आता तुमचाच आजार झालाय. तुमच्या वेळी आपल्या घरात त्याला म्हातारचळ म्हणायचे आणि डोंबिवलीतले आपले डॉक्टर वयाकडे बोट दाखवून शक्तीच्या गोळ्या लिहून द्यायचे. आता अल्झायमर हे नाव रिक्षावाल्यालाही ठाऊक आहे. ठाण्याच्या डॉक्टरांनी आईच्या मेंदूचा स्कॅन करवला, तिला घड्याळाचं चित्र काढायला लावलं, मला शेजारी बसवून तासभर समजावलं. आजार अगदी सुरुवातीला सापडला तर काहींना त्याचा वेग थोडा कमी करणारी औषधं निघालीत, रक्त तपासूनही आता अंदाज येतो, असं म्हणाले. आईला त्यासाठी उशीर झालाय. पण आजार बरा होत नाही म्हणजे माणसासाठी काहीच करता येत नाही असं नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं आणि घरी असे रुग्ण सांभाळणाऱ्यांची शनिवारी एक मीटिंग भरते, तिथे मला पाठवलं.

तुम्हाला मीटिंगा आवडायच्या नाहीत. मी नऊ-दहा वर्षांची असताना सोसायटीचे सेक्रेटरी तुम्हाला बोलवायला आले, तेव्हा मी दारातूनच ‘बाबा घरी नाहीत’ असं ठोकून दिलं. तुमच्या भल्यासाठीच. तुम्ही आतून लुंगीवर बाहेर आलात, ‘आहे मी’ म्हणालात आणि पाण्याच्या टाकीवरची दोन तासांची चर्चा ऐकून आलात. परत आल्यावर मला म्हणालात, “माझ्यासाठीसुद्धा खोटं बोलायचं नाही.” वागळे इस्टेटच्या कारखान्यात तुम्ही माल तपासायचात आणि केसाएवढा फरक असला तरी तो परत पाठवायचात. मी पुढे शाळेत शिकवायला लागले आणि लाल पेन हातात घेतलं. बाप तशी लेक, असं आई म्हणायची आणि ते कौतुक नसायचं.

म्हणून तुम्ही आजारी पडल्यावरही मी चुका दुरुस्त करत राहिले. दुपारी मी शाळेतून येते, आई जरा आडवी झालेली असते, तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभे असता आणि विचारता, “आईला चहा दिलास का?” तुमची आई, म्हणजे माझी आजी, वारून तेव्हा वीस वर्षं झाली होती. मी तसं सांगते. तुम्ही म्हणता, “मला कुणी कळवलं कसं नाही?” आणि मुकाट्याने मोरीत जाऊन कपड्यांसकट दोन तांबे गार पाणी डोक्यावर ओतून घेता. बातमी उशिरा कळली तरी अंघोळ करावी लागते, हे तुम्ही विसरला नव्हतात. आई गेलीय, तेवढं रोज विसरायचात. त्या वर्षी आठवड्यातून तीन-तीनदा तुमची आई वारली आणि प्रत्येक वेळी ती पहिल्यांदाच वारली. तुमचे ओले कपडे बदलताना मी चिडायचे. आई म्हणायची, अगं, दिला चहा म्हणून सांग ना, तुझं काय जातं? मी म्हणायचे, बाबांशी खोटं कसं बोलू.

आता आई रोज संध्याकाळी खिडकीशी बसते आणि विचारते, “ह्यांची शिफ्ट सुटली नाही अजून?” पहिल्या दिवशी खरं उत्तर माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. तिला सांभाळायला मानपाड्याहून एक बाई येतात, त्यांनी माझा दंड धरला. आईला म्हणाल्या, “येतील ना, आजी. आजोबांना जेवायला काय आवडतं?” आईने वालाचं बिरडं सांगितलं, वाल कसे भिजवायचे, कसे सोलायचे ते सांगितलं आणि तुमची वाट बघायची राहून गेली. मीटिंगमध्ये हेच शिकवतात. माणूस काय बोलतोय ते तपासू नका, काय शोधतोय ते बघा. या बाई कुठेच शिकायला गेल्या नव्हत्या. मी पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं आणि एवढं मला आत्ता कळतंय. तुमची खूप आठवण येते.

मागच्या शनिवारी तुमच्या अंघोळीची गोष्ट मी तिथे सांगितली. सगळे हळहळले. मीटिंग घेणाऱ्या बाई म्हणाल्या, “तुम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. स्वतःला माफ करा.” मी मान डोलावली, चहा घेतला आणि घरी आले. पण मी तिथे सगळं सांगितलं नव्हतं. हे पत्र कुठे टाकायचं नाहीये, म्हणून तुम्हाला सांगते. अंघोळ करून आलात की तुम्ही कॉटवर दोन तास अगदी गप्प बसायचात. कुणाला शोधत नव्हतात, दार उघडून जात नव्हतात. तेवढ्यात माझे पेपर तपासून व्हायचे. वार्षिक परीक्षेच्या दिवसांत, बाबा, तुम्ही काही विचारलेलं नसतानाही मी दोनदा तुम्हाला सांगितलं, की तुमची आई गेली.