नातीचा कान नाक्यापलीकडे नेण्याबाबत

प्रति,
मेहेरबान मोहतमीम साहेब,
परवाना कचेरी, कट्टीघाट नाका,
जिल्हा उस्मानाबाद.

विषय : बिननावाच्या नातीस आईबरोबर सासरी जाऊ देणेबाबत.
संदर्भ : माझे आधीचे चार अर्ज. पैकी दोन परत आले, दोन आले नाहीत.

महोदय,

अर्जदार शरणबसप्पा वीरप्पा, भुसार दुकानदार, मौजे कट्टीघाट, अर्ज करतो की, माझी मुलगी मल्लम्मा पहिल्या बाळंतपणास माहेरी आली. सासर घाट उतरून तीन कोसांवर, पण निजाम सरकारची हद्द संपून हिंदी युनियनच्या हद्दीत. येताना परवाना एकटीचा होता. जाताना दोघी झाल्या. नात आता सात महिन्यांची आहे. मल्लम्माच्या परवान्याची मुदत तीनदा वाढली, ती येत्या मंगळवारी कायमची संपते.

नातीच्या परवान्यासाठी नाकेदारसाहेब नाव मागतात, आणि नावाखाली बापाच्या घरच्या माणसाची निशाणी. आमच्यात नाव आत्या ठेवते, बाळाच्या कानात सांगून. आत्या गंगम्मा पलीकडे राहते. पलीकडच्यांना आत यायला बंदी, आणि नातीला बाहेर जायला नाव नाही.

आमच्या गावात माणूस घरात कानडी, बाजारात मराठी आणि चावडीत उर्दू बोलतो. नातीला आम्ही कूसू म्हणतो, शेजारच्या कमलबाई छकुली म्हणतात, पिंजाऱ्याची अम्मा मुन्नी म्हणते. ती तिघांकडेही बघून हसते. घाबरून मी अर्जात तिन्ही नावे लिहिली, ही माझी चूक. नाकेदारसाहेबांनी तीन मुली नोंदवल्या आणि विचारले, "एकीच बच्ची लाए, बाकी दो कां हैं?" तेव्हापासून दोनदा झडती झाली. कणगीतही हात घालून पाहिले. त्या दोन मुली नाहीत असा दाखला पाटील देत नाहीत. नसलेल्या मुलींचा दाखला कसा लिहितात, हे त्यांना ठाऊक नाही.

गंगम्मा दर बाजारी, सोमवारी, नाक्याच्या आडव्या बांबूपलीकडे येऊन उभी राहते. मी म्हणालो, इथूनच ओरडून सांग. ती म्हणाली, "मामा, नाव काय ढोराला हाक मारल्यावानी सांगत्यात व्हय? म्या कानातच सांगीन." मला राग आला, पण तिचे खोटे नाही. तिने शिवलेली कुंचीही शिपाई आत येऊ देत नाहीत. ती आता पोरीच्या डोक्याला बसायचीही नाही.

मल्लम्मा विचारते, "आप्पा, म्या एकटीच जाऊ व्हय?" पोर अजून अंगावर पिते. साहेब, मी फार भ्यालो आहे.

तरी परवा सोमवारी, आपल्या समक्ष, नातीस बांबूपर्यंत नेऊ द्यावे. मी तिला कमरेशी घट्ट धरीन. फक्त तिचा उजवा कान पलीकडे जाईल, बाकी मूल सरकारच्या हद्दीतच राहील. कान परत येताच गंगम्मा कागदावर अंगठा करील.

हेही नामंजूर असेल, तर या अर्जाच्या पाठीवर आपणच एक नाव लिहून द्यावे. कोणत्याही भाषेतले चालेल. गंगम्माची समजूत मी घालीन.

आपल्या दारी पाचव्यांदा उभा,
शरणबसप्पा वीरप्पा
शनिवार, ता. १२ जून १९४८ (अमरदाद, १३५७ फसली)

सोबत :
१. मल्लम्माचा परवाना
२. या अर्जाची उर्दू नक्कल
३. नातीच्या परवान्याचा कागद. नावाची जागा मोकळी ठेवली आहे.