बेचाळिसाव्या पानापुढचं खोड

चिमणे,

एकोणऐंशी साली तुझ्या आत्याचा प्रबंध तपासायला घेतला, तेव्हा फक्त शुद्धलेखन बघायचं ठरलं होतं. पण माझा हात आवरला नाही. शेवटचं प्रकरण मीच लिहून काढलं. तोंडी परीक्षेत परीक्षक म्हणाले, "बाई, हे तुमचं मत जरा समजावून सांगा." तिला सांगता येईना. घरी येऊन म्हणाली, "आई, तिथे माझ्याऐवजी तूच जायचं होतंस."

काल दुपारी तुझ्या प्रबंधातही मी तेच केलं. बेचाळिसाव्या पानापुढे समासात पेन्सिलीने लिहिलंय, ते न वाचता खोड. मी खोडायला बसले, तर पुन्हा सुधारायलाच लागले! म्हणून पेन्सिल घेऊन घराबाहेर पडते आहे. पाचला तू प्रबंध जमा केलास की मगच परतेन. तुझी वाक्यं लांबलचक आहेत, पण कोणी विचारलं तर तुला ती सांगता येतील. पोळी-भाजी ओट्यावर झाकून ठेवली आहे.

ते परीक्षक कधीच वारले. आत्याने शिक्षण सोडून शिवणाचं दुकान टाकलं आणि माझ्याशी कामापुरतंच बोलत राहिली. मला मात्र विद्यापीठाने त्याच वर्षी मुद्रितशोधक म्हणून कायम केलं.

आज तिच्याच दुकानात जाऊन बसते. बसू दिलं तर.

आजी