घरच्या बाईला असलं कशाला

अप्पा, तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली, तरी मला तुमच्याशी गोड बोलता येत नाही. उदगीरच्या धान्याच्या मोंढ्यात तुमच्यासारखा सज्जन अडत्या नव्हता, असं लोक अजून सांगतात. मी ऐकून घेते आणि दात-ओठ खाते. तुरीच्या व्यवहारासाठी तुम्ही हैदराबादला जायचात आणि येताना माझ्यासाठी लाखेच्या बांगड्या आणायचात. आणखी काय घेऊन यायचात, ते मला मोठेपणी कळलं. माझ्यानंतर अव्वाला झालेली बाळं मेलेलीच जन्मली. अजून डोळ्यांपुढं येतं, आत्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणते, "हिच्या पोटातच आग हाय. काय टिकणार तिथं?" तुम्ही समोरच बसलेले असता, भाकरी मोडत. मान वर करत नाही. अव्वाला सोमवार धरायला लावले, उष्णता म्हणून सबजा पाजला. गल्लीत कुणाचं डोहाळजेवण असलं की ओटी भरायला सगळ्या बायकांना बोलावणं यायचं, फक्त तिला नाही. ती दार लोटून ज्वारी निवडत बसायची.

तुमच्या माघारी, मी नांदेडला नर्सिंग शिकत असताना, तिचं रक्त तपासून घेतलं. उपदंश निघाला, आपल्याकडे ज्याला गरमी म्हणतात तो. रिपोर्ट घेऊन मी लातूरला तुमच्या डॉक्टर मित्राकडे गेले. ते सहज बोलून गेले, "मी तर त्याला तेव्हाच म्हटलं होतं, वहिनींना घेऊन ये, त्यांनाही सुया लागतील. तर म्हणतो कसा, घरच्या बाईला असलं कशाला?" म्हणजे तुम्हाला माहीत होतं! स्वतः सुया टोचून घेतल्या, ठणठणीत झालात, आणि जिला रोग दिला तिला उपास करायला लावलेत. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय? बाईच्या अंगावर बऱ्याचदा काही दिसत नाही, अप्पा. रोग आत राहतो आणि पोटातल्या बाळापर्यंत जातो. वेळेवर तपासणी आणि सुई, एवढ्यानं माझी भावंडं वाचू शकली असती. अव्वाला मी उपचार दिले, पण रक्तात दोष आहे एवढंच सांगितलं.

आता मी दवाखान्यात हेच समजावायचं काम करते. मागच्या महिन्यात नायगावकडचा एक दुकानदार आला. "म्याडम, माझ्यापुरतीच सुई द्या. घरी कळलं तर लई बदनामी हुईल." मला त्याच्या जागी तुम्ही दिसलात आणि माझा आवाज चढला. "एकटे बरे झालात तरी बायकोकडून परत तुम्हालाच होणार. दोघांची तपासणी, दोघांचा उपचार. तो पुरा होईपर्यंत लांब राहा. आणि पुढं बाहेर जाणार असाल तर निरोधाशिवाय नाही." तो म्हणाला, "तिला काय सांगू?" मी म्हणाले, "खरं सांगा. नाही जमत, तर तिला इथं आणा, मी सांगते." चार दिवसांनी तो बायकोला घेऊन आला. मान खाली होती, पण आला. तुमच्याच्यानं तेवढंही झालं नाही.

त्या संध्याकाळी घरी येऊन मी अव्वाला सगळं सांगितलं. तुझ्या पोटात आग नव्हती, रोग अप्पांचा होता, ते औषध घेऊन बरे झाले होते. ती लसूण सोलत होती. हातातली पाकळी तिनं खाली ठेवली. मग म्हणाली, "मंग मला का न्हाई नेलं? मी न्हाई म्हनले असते का?"

डॉक्टरांचं ते वाक्य माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. तिच्याकडे बघवेना. "त्यांना डॉक्टरनं नीट सांगितलंच नसंल, अव्वा," असं बोलून गेले.

"तेच म्हन्ते," ती म्हणाली, आणि पुन्हा लसूण सोलायला लागली.

जन्मात पहिल्यांदा तुमची बाजू घेतली, तीही खोटं बोलून. त्याचा मला अजून राग येतोय. हा कागद मी आता फाडून टाकणार आहे. अव्वाला वाचता येतं.