तुझ्या आधी माझा पाय

शोभा,

माझ्या मनात मत्सर नाही. उद्या तुझ्या सुजलेल्या पायाच्या शिरा तपासणारा डॉक्टर तुझा कॉलेजातला व्यंकट आहे, एवढ्यासाठीच काल मी सोलापूरला जाऊन आधी स्वतःचा पाय तपासून घेतला.

"पेशंट शोभा हाय नं गुंडेराव, मग तुमी कामून आडवे झालाव?" व्यंकटनं विचारलं. शोभाताई म्हणाला असता तर काही बिघडलं नसतं.

सुई नाही, भूल नाही, उपास नाही. पायाला थंडगार चिकट जेली लावून यंत्र फिरवतात, मधून मधून दाबतात. रक्त वाहताना भीमेवरच्या पंपासारखा आवाज येतो, घाबरू नकोस. अर्ध्या तासात होतं. यंत्र नर्सबाई फिरवतात. व्यंकट नुसता पडद्याकडं बघतो.

"व्यंकट असल्यावर मला कशाची भीती न्हाई," असं तू अक्काला सांगितलंस. बावीस वर्षं तुला दवाखान्यात मी नेतोय, माझ्याबद्दल असं कधी ऐकलं नाही. असो.

सैल परकर नेस. सकाळी सातची बस धर, अक्काला सोबत घे. मी आजच पुढं जातोय, व्यंकटनं दाखल व्हायला सांगितलंय. माझ्या उजव्या पायाची रक्तवाहिनी तुंबली आहे.