राउटरमधली फट

४ डिसें., बुध.
स्टँडसमोरच्या मेडिकलचं नेट सकाळपासून बंद. दादा धाराशिवला गेलेला, म्हणून मीच गेले. राउटरचा मालकाचा पासवर्ड दादाकडंच असतो. केबल-नेटचा धंदा दोघांचा, पासवर्ड एकाचा. मागितला की म्हणतो, "तुला कशाला लागतंय?" माझ्याकडं फक्त ग्राहक लॉगिन. त्यातून लाइन चालू की बंद एवढंच दिसतं. बदलता काहीच यायला नको.

आलं.

लॉगिनचं पान अर्धवट उघडत होतं म्हणून ते राउटरला आतून काय पाठवतंय ते बघत बसले. बघते तर, समोरचा कोण आहे हे राउटरला पानच सांगतंय. ग्राहक. मी तिथं ग्राहक काढून मालक लिहिलं. राउटरनं उलटून विचारलंसुद्धा नाही. सगळ्या सेटिंग उघड्या.

नेट चालू करून दिलं. मेडिकलवाले काका चहा घ्या म्हणाले. मी राउटर उलटा करून बघितला. ग्राहक लॉगिनचा पासवर्ड प्रत्येक राउटरच्या बुडाला छापलाय, सगळ्यांना एकच. आणि भूममध्ये आमची लाइन आहे तिथं सगळीकडं हाच राउटर.

५ डिसें.
आपल्या दुकानातल्या राउटरवर परत करून बघितलं. तेच. दादाला दाखवलं.
"नेट चालतंय का न्हाई?"
चालतंय.
"मग?"
सांगितलं, दुकानात वायफाय मागणारं कुणीही असं मालक होऊ शकतं. त्यानं सेटिंग बदलली की लोक बँकेचं पान उघडतील आणि हुबेहूब तसलंच दुसरं पुढं येईल, कळणारसुद्धा नाही.
"भूममध्ये कोन करतंय असलं?"
मी केलं की!
तो जेवायला उठला.

९ डिसें., सोम.
राउटरच्या कंपनीला इमेल केली होती. आपोआप येणारं उत्तर आलं, आभार वगैरे.
मग धनराजशेठना फोन. जिल्ह्यातल्या निम्म्या केबलवाल्यांना राउटर हेच पुरवतात, आम्हालाही. बाबा होते तेव्हापासूनचे संबंध. सगळं ऐकून घेतलं, मग हसले. "पोरी, तू इंजिनिअर झालीस, आम्हाला अभिमान हाय. पन कंपनीत तुझ्यासारखे ढिगानं बसलेत."
म्हटलं, मग त्यातल्या एकाला फोनवर द्या.
फोन ठेवला.

१३ डिसें., शुक्र.
धाराशिव. शेठच्या ऑफिसात केबलवाल्यांची बैठक. बाई मी एकटी. नवीन प्लॅन, नवीन स्कीम, भजी. शेवटी "काही अडचण?" म्हणाले तेव्हा मी उठले. दादानं ओढणी धरून खाली ओढलं. बसले नाही, फटीचं सगळं सांगितलं.

शेठ सगळ्यांकडं बघून म्हणाले, "असं होतच नसतं. हा समोर आमचाच राउटर हाय. कर बघू."
दोनदा विचारलं, करू ना? "कर, कर."

केलं. ऑफिसच्या वायफायचं नाव बदलून 'असं होतं' ठेवलं. सगळ्यांनी आपापले मोबाइल काढले. कुणीतरी खुदकन हसलं, मग कुणीच हसेना.

शेठचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "ह्याला हॅकिंग म्हनतात. गुन्हा हाय हा."
"तुम्हीच कर म्हणालात."
"मी गमतीनं म्हनलो!"

येताना एसटीत दादा दुसऱ्या सीटवर जाऊन बसला. मला मात्र घाबरायच्या ऐवजी भूक लागली होती. स्टँडवर पोटभर भेळ खाल्ली, एकटीनं.

१७ डिसें.
शेठनी दादाच्या मोबाइलवर कागद पाठवलाय, मी सही करायचा. 'माझ्या अपुऱ्या ज्ञानामुळे गैरसमज पसरला, त्याबद्दल मी बिनशर्त माफी मागते.' सही नाही तर नवीन राउटर नाहीत, वर पोलिसात तक्रार.

आई म्हणाली, "दोन ओळींनी काय झिजतंय का तुझं?"
दादा म्हणाला, "कागदच हाय. कर आन मोकळी हो."
मी म्हटलं, गैरसमज कुठला, ते मला कुणीतरी एकदा समजावून सांगा. लगेच करते सही.
आई भांडी आदळत होती. "लई शहानी झालीस."
व्हय. फी तूच भरलीस.

१८ डिसें.
आमच्या ग्राहकांकडं फिरायला लागले. दुकान, घर, दवाखाना. आधी सांगायचं काय झालंय, मग विचारायचं, बंद करू का? हो म्हणाले तर त्यांच्यासमोर बसून ग्राहक लॉगिन बंद करून टाकायचं. मालकाचा पासवर्ड दादा देईना. मग काय, त्याच फटीतून आत शिरते आणि आतून ती बुजवून बाहेर येते. चिडले होते तरी याचं हसू आलं.

खव्याच्या पेढीवरचे नागनाथकाका सगळं नीट ऐकून म्हणाले, "म्हंजे तुमचं नेट धोक्याचं?"
काका, राउटर धोक्याचा होता, आता नाही.
"दुसऱ्या केबलवाल्याचा?"
त्याचाही हाच आहे.
"त्यो तर काय म्हनला न्हाई."
तो सांगत नाही काका, म्हणून.
"मग त्याचं बरं दिसतंय."

२० डिसें.
नागनाथकाकांनी लाइन तोडली. पेढीवर आता त्या न सांगणाऱ्याचं नेट. राउटर तोच, फट तीच. मेडिकलवाले टिकले. पण बाजारात 'त्यांच्या नेटमध्ये काहीतरी हाय' असं झालंय. रडले, आंघोळीच्या खोलीत, नळ सोडून. मग तोंड धुतलं आणि मोंढ्याकडं गेले, तिथली दुकानं राहिली होती.

आल्यावर बघते तर माझ्या लॅपटॉपवर चिठ्ठी. दादाचं अक्षर. पासवर्ड. बाकी काही नाही. जेवताना त्यानं वर बघितलं नाही, मीही नाही.

२६ डिसें.
तेर गावाहून गफारभाईंचा फोन. बैठकीत मागं बसलेले, पांढरी दाढी, तिकडच्या गावांत त्यांची लाइन. "बेटी, उस दिन बोल्या नहीं मैं. शेठचं देणं हाय, तोंड उघडता येत न्हाई. पन घरात पोरी-सुना हायत, सगळ्या मोबाइलवरच सगळं करतात. बंद कसं करायचं ते सांग."
फोनवर सांगितलं, सावकाश. त्यांनी प्रत्येक पायरी मोठ्यानं परत म्हटली. शेवटी म्हणाले, "माझं नाव नको घिऊ कुठं."
नाही घेणार. पण राग आला. सगळ्यांना बंद करायचंय, बोलायचं मात्र मीच.

२ जाने.
कंपनीचं अपडेट आलं. आपोआप, न सांगता. काय बदललं त्यात एकच ओळ, 'स्थिरतेत सुधारणा'. दुकानातल्या राउटरवर करून बघितलं. ग्राहकाच्या जागी मालक लिहिलं, राउटर म्हणाला, परवानगी नाही.

म्हणजे वाचली माझी इमेल! कुणीतरी तिकडं बसून वाचली, खरी मानली, दुरुस्त केली आणि मला एक ओळ पाठवली नाही. शेठ आता म्हणणार, बघा, कुठं काय होतंय. एक जुना राउटर पुरावा म्हणून नेटला न जोडता बाजूला काढून ठेवला. त्यात अपडेट जाऊ देणार नाही.

४ जाने.
धाराशिवहून पोलिसांचा फोन. तक्रार माझ्या एकटीच्या नावावर. सोमवारी जबाबाला या. लगोलग शेठचाही दादाला फोन. अजून वेळ हाय, सही करा, तक्रार मागं घेतो. मी समोरच उभी होते. दादा म्हणाला, "तिलाच विचारा," आणि मोबाइल माझ्या हातात दिला.
म्हटलं, शेठ, सोमवारी भेटू.

६ जाने., सोम.
धाराशिव, पोलीस ठाणं. बाकावर बसून लिहितेय. दादा शेजारी. येऊ नको म्हटलं तर म्हणाला, "तू बोल. मी नुसता बसतो."

जबाब घ्यायला पोलीस मॅडम आहेत, माझ्याच वयाच्या असतील. शेठचा अर्ज वाचला, माझं ऐकलं. मग माझ्या पिशवीकडं, त्यातल्या जुन्या राउटरकडं बघून म्हणाल्या, "राउटर आणलाय ना? दाखवा करून."

हात गेलाच होता पिशवीत. थांबले.
"मॅडम, मागं एकदा असंच कर म्हणाले, मग तक्रार केली. तुम्ही दाखवायला सांगितलं, हे लिहून द्याल का?"

दादानं डोळे मिटले. मॅडमनी पेनला टोपण लावलं. रागानं की कशानं, कळलं नाही. "असं कुणी मागत नाही हो इथं," म्हणाल्या आणि उठून साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या.

दार बंद आहे. आतून बोलणं ऐकू येतंय, शब्द लागत नाहीत. शेठ समोरच्या खुर्चीत, मोबाइल बघतायत.

लिहून दिलं तर दाखवीन. नाही दिलं तर पिशवी उघडणार नाही. सही तर नाहीच.