कमी उपयुक्त उत्तरे

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंदा घड्याळदुरुस्ती, हे मृत्युपत्र राजीखुशीने व कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. ते आधीच ठिकाणावर असतं तर पुढची कलमं लिहावी लागली नसती.

१. घर व बँकेतली शिल्लक पत्नीला. त्याचं तिने पुढे काय करावं यात मुलाने नाक खुपसू नये.

२. दुकान, भिंगं आणि चिमट्यांचा संच माझ्या दिवंगत धाकट्या भावाच्या मुलीला. तिचा हात बापासारखा हलका आहे. त्या बापाला मी एकदा गिऱ्हाइकासमोर म्हणालो होतो, तुझ्या हातात घड्याळ द्यायची सोय नाही. चूक माझी होती, स्प्रिंग मीच तोडली होती. तो ॲप्रन खुंटीला अडकवून गेला, तो पुन्हा फिरकला नाही.

३. घड्याळजींच्या ऑनलाइन मंचावरचं माझं खातं बंद करावं. तिथे आम्ही दोघे भाऊ टोपणनावाने होतो. त्याची लिहायची ढब मी पहिल्याच दिवशी ओळखली. बोलायची हिंमत नव्हती, म्हणून त्याच्या प्रत्येक उत्तरावर नापसंतीचा उलटा बाण दाबत राहिलो. पुढे मंचाची रचना बदलली. ज्याला उलटे बाण जास्त, त्याचं लिहिलेलं "कमी उपयुक्त उत्तरे" या फिकट ओळीखाली आपोआप दडपलं जाऊ लागलं. सहा महिने कोणी बोललं नाही की चर्चेला कुलूप. हे ज्या शहाण्याने बनवलं त्याला माझ्याकडून शिव्यासुद्धा देऊ नयेत. त्या मला स्वतःला पुरवायच्या आहेत.

४. घरातलं भिंतीवरचं घड्याळ ठोके देताना अडकतं, म्हणून मी मंचावर उपाय विचारला होता. वरची चाळीस उत्तरं वाचली, एकही लागू पडलं नाही. भाऊ गेल्यावर पुतणी आली. म्हणाली, "काका, बाबांना उत्तर का नाही दिलंत? रोज सकाळी उठल्याउठल्या बघायचे."

तिने ती फिकट ओळ उघडून दाखवली. दोष नेमका कुठे आहे ते त्याने लिहिलं होतं. खाली होतं, "दादा, मी ओळखलंय तुला. मीच येऊन करून देतो. येऊ का?" तीन वर्षांपूर्वीचं.

मी उत्तर लिहायला गेलो, तर लिहायची चौकटच नव्हती. मंचचालकांना तीनदा कळवलं. तिन्ही वेळा एकच ठरीव मजकूर आला: जुन्या चर्चा उघडता येत नाहीत, कृपया नवीन चर्चा सुरू करा. कोणाशी करू?

५. ते घड्याळ पुतणीने बापाने सांगितलंय तसंच दुरुस्त करावं. माझा हात धजत नाही.

६. शेवटचं कलम कायद्यात बसत नाही, असं साक्षीदारांचं म्हणणं पडलं. मी ऐकलं नाही. दुसरीकडे कुठे लिहायला जागा उरलेली नाही.

ये रे. विचारायचं काय त्यात.

सही: घड्याळवाला, थोरला
साक्षीदार: १. शेजारचा चष्मेवाला २. दाखला देणारे डॉक्टर
स्थळ: दुकानाची मागची खोली
दिनांक: ९ मार्च, सोमवार